एकवीस लिहा आणि पुढे चला

लॅबमध्ये तिला सगळे मिरची म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ताई. घरात ती मोठी, कारण तिच्या जावेला सगळे धाकटी म्हणत. पण खरं नाव मिरचीच. रक्त काढायच्या खुर्चीवर बसून फोनवर बोलणाऱ्या एका मोठ्या हुद्द्याच्या माणसाला तिने सांगितलं होतं, "साहेब, तुमचं बोलणं होऊ द्या, तोवर मी पुढच्यांचं घेते," आणि खरोखरच त्याला उठवून रांगेच्या शेवटी बसवलं होतं. मालकांनी केबिनमध्ये बोलावून समज दिली. ती म्हणाली, "हात हलून सुई चुकली असती तर ते कुणाच्या नावाने बोंबलले असते? माझ्याच ना?" तिला काढून टाकायची सोयच नव्हती. ज्यांच्या हाताला शीर सापडत नाही अशा लोकांना शेजारच्या दोन लॅबवाले स्वतःहून तिच्याकडे धाडत. पट्टा बांधायचा, दोन बोटांनी कोपराच्या खळगीत चाचपायचं, एकदाच टोचायचं. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा टोचायची वेळ तिच्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली असेल.

असली ही फटकळ बाई. कुणाचं ऐकून न घेणारी. आणि तरीही अकरा वर्षं एका चौकटीपुढे ती निमूट मान तुकवत होती, हेच मला राहून राहून संताप आणतं. तिलाही आणलं, पण फार उशिरा.

चौकट म्हणजे कॉम्प्युटरवरची. बायकांच्या हार्मोनच्या तपासण्यांची नोंद करताना एक रकाना येतो: पाळीचा कितवा दिवस. तो रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकतच नाही, अडून बसतं. आता रांगेत मागे पंधरा माणसं, त्यात निम्मे पुरुष, काउंटरची खिडकी जेमतेम वीतभर. तिथून बाईला विचारायचं कसं, की अहो, तुमची पाळी कधी आली होती, आणि किती दिवसांनी येते? बाई लाजणार, खाली बघणार, 'आठवत नाही' म्हणणार. मागचा माणूस घड्याळ बघणार. म्हणून मालकांनी पहिल्याच महिन्यात शिकवून ठेवलं होतं: "प्रोजेस्टेरॉन आलं की एकवीस लिहा आणि पुढे चला. पुस्तकात एकवीसच दिलंय." झालं. सगळ्या लॅबने एकवीस लिहिलं. जिने रात्रंदिवस पुरुषांना दम दिला त्या मिरचीनेही लिहिलं.

आता धाकटीचं ऐका. धाकटी म्हणजे दिराची बायको. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला. मान खाली, मशीन चालू, बोलणं कमी. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांना तोंड फुटलं, फक्त तिचंच बंद. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई." नव्हतं कसं? होतं, पण ज्यांना होतं त्यांना बोलायची सोय नव्हती. दीर म्हणायचा, "तुझं काय ते दाखवून घे एकदा." तुझं! त्याची स्वतःची तपासणी डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच चिठ्ठीवर लिहून दिली होती. ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात गेली आणि पाकिटातच राहिली. विचारलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीये?"

धाकटी मात्र बिचारी गेली. सुट्टी मिळाली त्या दिवशी, उपाशीपोटी, मिरचीच्याच लॅबमध्ये, मिरचीच्याच खुर्चीत. शीर पहिल्या झटक्यात सापडली. प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट आला: शून्य पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "एकविसाव्या दिवशी इतकं कमी, म्हणजे अंडं सुटतच नाहीये." मग गोळ्या. त्या गोळ्यांनी तिला भर थंडीत घाम फुटायचा, डोकं फुटायची वेळ यायची, मशीनची सुई दोन दोन दिसायची. दोन महिने काढले आणि मग ती म्हणाली, नाही जमत. तेव्हा गोळ्या बंद झाल्या आणि ऑपरेशन ठरलं. दुर्बीण घालून अंडाशयाला टोचे द्यायचे. येत्या शुक्रवारी.

घरात 'अंडं सुटत नाही' हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं की शेजारणीलाही पाठ झालं. दीर एकदा जेवताना म्हणाला, "ऑपरेशन करूनही नाही झालं तर मग बघू." काय बघू, ते कुणी विचारलं नाही. पण ताटावर बसलेल्या सगळ्यांना ते कळलं होतं. धाकटीला सगळ्यात आधी.

शनिवारी संध्याकाळी मोठी धाकटीच्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरायला बसली. टॉवेल, चपला, फाइल. भरती व्हायच्या फॉर्मवर विचारलं होतं, शेवटची पाळी कधी. "सांग गं," मोठी म्हणाली. धाकटीने मापांची वही काढली. पुढून मुलांच्या छात्या नि कंबरा, मागच्या पानांवर नुसत्या तारखा. बारीक अक्षरात, एकाखाली एक, शाळेपासूनची सवय. मोठीची नजर सहज खाली सरकली आणि अडकली.

"हे अंतर किती असतं गं तुझं?"

"छत्तीस. कधी पस्तीस, कधी सदतीस. पहिल्यापासून असंच आहे. का हो, ताई?"

मोठीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, हे तिला पाठ होतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन चढतं, आणि आठवड्याभराने भरात येतं. म्हणजे रक्त घ्यायचं ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. ज्या बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांची, तिचा तो एकविसावा येतो. छत्तीसवालीचा येतो एकोणतिसावा. धाकटीचं रक्त ज्या दिवशी काढलं ती तारीख फाइलमध्ये होती. वहीवरून मोजलं तर तो सतरावा दिवस. सतराव्या दिवशी हिचं अंडं सुटायला अजून पाचेक दिवस होते. मग ते हार्मोन चढणार कुठून, कपाळातून?

आणि रिपोर्टवर छापलेलं: दिवस एकवीस. खाली नोंद करणाऱ्याची सही. स्वतःची.

हातातली चप्पल तशीच राहिली. सतरावा असो की एकविसावा, दोन्ही चूकच. पण खरा दिवस लिहिला असता तर डॉक्टरीणबाईंनी निदान भुवई उंचावली असती. तिने एकवीस लिहून ती भुवई खाली बसवली होती. घरच्या माणसाला, रोज शेजारी बसून जेवणाऱ्या जावेला, तिने एक प्रश्न विचारला नव्हता. का? रांग मोठी होती म्हणून!

आधी खात्री करायची. तिने वहीतल्या शेवटच्या तारखेवरून मोजलं. एकोणतिसावा दिवस बुधवारी येत होता. बुधवारी सकाळी, लॅब उघडायच्या आधी, तिने धाकटीला खुर्चीत बसवलं. "आणखी एकदा, माझ्यासाठी." नळी यंत्रात लावली आणि रकान्यात स्वतःच्या बोटांनी एकोणतीस लिहिलं. यंत्राने मुकाट्याने घेतलं. काहीही लिहिलं असतं तरी घेतलंच असतं मेल्याने.

बारा पूर्णांक आठ.

अंडं सुटत होतं. बहुतेक दर महिन्याला सुटत आलं होतं, आणि चार माणसं ताटावर बसून तिला नाही म्हणत होती.

ती दोन्ही कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी चष्मा लावला, वहीतल्या तारखा पाहिल्या, म्हणाल्या, "मी तारीख विचारायला हवी होती. रिपोर्टवर एकवीस होतं, मी धरून चालले." शुक्रवारचं ऑपरेशन त्यांनी तिथल्या तिथे खोडलं. "यजमानांची तपासणी झाली का? ती तर मी पहिल्या दिवशीच लिहिली होती." मोठी म्हणाली, "आज घरी जाऊन बघते."

आणि गेली. सासूबाई पलंगावर, दीर मोबाइलमध्ये, नवरा दारात बूट काढतोय. तिने दोन कागद टेबलावर आपटले.

"हिचं अंडं व्यवस्थित सुटतंय. ऑपरेशन रद्द. आता त्या पाकिटातली चिठ्ठी काढा."

दीर भडकला. "वहिनी, काय लावलंय हे? आधी म्हणता नाही सुटत, आता म्हणता सुटतं. खेळ आहे का? आणि हे एकवीस लिहिलं कुणी? तुमचीच सही आहे ना ही?"

"माझीच," मोठी म्हणाली. "अकरा वर्षं डोकं गहाण टाकून लिहीत आले. चूक माझी, सगळ्यांसमोर सांगते. आता तुम्ही तुमची सांगा. चार वर्षं हिला सुया, गोळ्या, टोमणे, आणि तुम्हाला साधी एक डबी भरून द्यायला लाज वाटते? तुमच्यात दोष असेल असं मी म्हणत नाही. बघितलंच नाही असं म्हणतेय! अर्ध्या घराची झडती घ्यायची आणि अर्ध्या घराला कुलूप, हा कुठला न्याय?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं मोठे, पुरुषांचं असं चारचौघांत..."

"तिचं चारचौघांत चाललं, आई. शेजारणीलाही तिचा रिपोर्ट पाठ आहे."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण पुढे बोलल्या नाहीत, आणि त्या घरात ते काही कमी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर गेला. धुसफुसत, टोपी कपाळावर ओढून, पण गेला. त्याच्या रिपोर्टात काय आलं ते मी सांगणार नाही. धाकटीचं जसं गल्लीभर झालं तसं त्याचं तरी का व्हावं? त्या दोघांना आणि डॉक्टरीणबाईंना माहीत आहे, औषध चालू आहे, पुरे.

मोठीला वाटलं होतं, धाकटी गळ्यात पडेल. कसलं काय! त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मोठी म्हणाली, "मला माफ कर गं." धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"माझा हात तुमच्या हातात होता, ताई. पट्टा बांधलात, शीर शोधलीत. एवढं सगळं शोधलंत आणि मला विचारलं नाहीत. माझ्याकडे वही होती. मी पिशवीत घेऊन आले होते, कुणी विचारेल म्हणून. मी रोज मुलांची मापं घेते. एका मुलाचं माप दुसऱ्याच्या शर्टाला लावलं तर मालकीण माझ्या तोंडावर शर्ट फेकते. तुमच्याकडे सगळ्या बायकांना एकच माप?"

धाकटीने भांडं पुन्हा उचललं आणि घासू लागली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मोठीने मालकांच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसूनच बोलायला सुरुवात केली. आतल्या खोलीत पडदा हवा. बायकांना तिथे विचारायचं, शेवटची पाळी कधी आणि अंतर किती. आठवत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. एकवीस बंद. मालकांनी पडदा मान्य केला. मग ती म्हणाली, "आणि जुने रिपोर्ट काढायचे. ज्यांच्यावर एकवीस आहे त्या सगळ्यांना कळवायचं." मालकांनी हात जोडले. "बाई, जुनं उकरून काढू नका. लॅबला टाळं लागेल. कोण कुठे गेलं असेल, कुणाला काय सांगणार?"

"जे खरं आहे ते."

"तुमची नोकरी जाईल."

"शीर कोण शोधेल मग, तुम्ही?"

तिने यादी काढली. चारशे बारा नावं. इतक्यांना तिने, तिच्या हाताने, एकाच एकविसाव्या दिवसावर बसवलं होतं. यातल्या बऱ्याच जणींचा दिवस खरोखर एकविसावा असेलही. किती, ते सांगायला ना यंत्र होतं ना कुणी माणूस. जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली, स्वतःच्या फोनवरून तिने सुरुवात केली. पहिला नंबर बंद होता. दुसरा एका पुरुषाने उचलला, नाव ऐकलं, म्हणाला, "ती आता इथं राहत नाही," आणि ठेवून दिला. तिसरा एका बाईने उचलला. आठ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट, शून्य पूर्णांक चार.

मोठीने कोण, कुठून, सगळं सांगितलं. चूक आपली होती हेही सांगितलं, काही न लपवता. मग विचारलं, "ताई, तुमच्या पाळीत तेव्हा किती दिवसांचं अंतर असायचं?"

पलीकडून आवाज आला, शांत, अगदी सांभाळून.

"बेचाळीस. कायम बेचाळीस. तेव्हा मी एकोणचाळीसची होते. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून आम्ही पुढचे सगळे उपाय सोडून दिले. गेल्या वर्षी माझी पाळी गेली हो. आता कशाला विचारताय?"