हमीदचाचांच्या हातची नळी

त्या सकाळी आमच्या गल्लीत नळ आला होता. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे त्या तासाभरात कुणी कुणाशी बोलत नाही, ज्याची त्याची धावपळ. अशात मशिदीच्या भोंग्यावर भलत्या वेळी खरखर झाली आणि हमीद फिटर गेल्याचं सांगितलं गेलं. नळाखालचा हंडा भरून वाहू लागला, पण माझा हात काही तोटीकडे गेला नाही. आता सव्वा महिना होत आला. अजून नळ आला की दारावर थाप पडेल असं वाटतं. पडत नाही...

आमचं गाव तळोद्याहून अक्कलकुव्याकडे जाताना लागतं, लहानसंच आहे. गावात टाकी झाली तेव्हा मोठ्या लाईनीपासून घरापर्यंतची नळी ज्याची त्याने टाकायची होती. हमीदचाचा तेव्हा तरुण होते. त्यांनी सुरतेच्या भंगार बाजारातून शिशाची नळी आणली. मऊ, हाताने वाकणारी. दगडी गटार आणि चिंचेची मुळं चुकवत ती गल्लीतल्या सगळ्या घरांत गेली. ना गळती, ना गंज. आम्ही कौतुक करायचो आणि चाचांनाही त्या कामाचा तोरा होता. मी तेव्हा गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवत होते. शिसं विषारी असतं हे मी कितीदा तरी फळ्यावर लिहिलं असेल, पण माझ्याच ओट्याखालची नळी कशाची आहे, हे विचारावं असं मला कधी सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी चाचा लेकीकडे सुरतेला गेले होते. तिथे त्यांच्या जुन्या जोडीदाराने सांगितलं की शिशाच्या नळ्या आता उकरून काढतात, पाण्यात शिसं उतरतं. चाचा परत आले ते पिशवी खांद्यावर तशीच ठेवून माझ्या दारात.

"बाई, इतला वरीस मी तुमले जहर पाजं."

मी त्यांना बसवलं, चहा दिला, म्हटलं, आम्ही पाणी उकळूनच पितो की. ते मान हलवत राहिले. "उकाळीसन शिसं जात नही, बाई. पानी उडी जास, शिसं ऱ्हास. धाकला पोरेसना मेंदूले लागस ते." शिकवणारी मी, आणि मला हे फिटरने सांगावं लागलं.

त्यातून आमच्या गल्लीची रीत अशी की नळ आला की पहिली धार पिण्याच्या माठात. हिंदूंच्या घरी तेच, मुसलमानांच्या घरी तेच. कुणाचा हात लागायच्या आत भरलेलं, म्हणून ते चांगलं पाणी, आणि धुणंभांडी मागून. म्हणजे दोन दिवस नळीत साचून शिसं प्यालेलं नेमकं तेच पाणी आम्ही जपून माठात भरत होतो. चाचांना हे उमगलं तेव्हा ते खरे हादरले. नळ्या बदलेपर्यंत निदान पहिलं पाणी पोटात जाऊ नये म्हणून ते नळाच्या दिवशी घरोघर फिरू लागले. "पहिली बादली भांडासले! माठ मागथीन!" बायका चिडायच्या. म्हाताऱ्याला वेड लागलं, असंही म्हणून झालं.

मग खोदाई सुरू झाली. गुडघे पार गेलेले, तरी माणूस हातात कुदळ घेऊन स्वतः बसायचा. एकेक घर होत गेलं आणि घोडं अडलं ते माझ्याकडे. ओट्यापासून दारापर्यंत मी नवी फरशी बसवलेली, तिच्या खालून नळी. आधी म्हटलं दिवाळी होऊ द्या. मग पाहुणे. मग लेक बाळंतपणाला आली, बाळाला धूळ नको म्हटलं. धुळीची मला केवढी काळजी... "सारंगखेड्याना घोडाबजारनी घोडी बी इतली अडत नही, बाई," म्हणून चाचा हसायचे, आणि पुढच्या नळाला पुन्हा दारावर थाप. पहिली बादली बाजूला ठेवलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलायचे नाहीत. एकदा मी वैतागून आतूनच ओरडले, "कळतं हो मला, मास्तरीण आहे मी!" ते बाहेरून म्हणाले, "कळस ते शेच, बाई..." आणि पायरीवर बसून राहिले. कळतं पण वळत नाही, असं मी आयुष्यभर पोरांना ऐकवत आले. मला ते कुणी ऐकवलं नाही.

शेवटी माझंच घर राहिलं, असं मी समजत होते. ते गेल्यावर भेटायला गेले तेव्हा चाचींनी पाणी आणून दिलं. पेला हातात घेतला आणि मोरीच्या नळाकडे नजर गेली. जमिनीतून वर आलेली, काळपट करडी, हाताने वाकवलेली नळी. मी चाचींकडे पाहिलं.

"ते म्हनेत, बाईनं घर व्हई जाऊ दे, मंग आपलं."

त्याच घरात वाढणारी त्यांची पाच वर्षांची नात तिथेच खेळत होती. माझ्या फरशीपायी या पोरीच्या घरची नळी दोन वर्षं तशीच राहिली होती. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही लाज वाटली. पेल्यातलं पाणी मी सगळं प्याले.

तळोद्याहून फिटर बोलावला. तो मागच्या आठवड्यात आला. गल्लीत उभा राहून त्याने विचारलं, "पहिले कोनतं घर, बाई?" मी चाचांच्या दाराकडे हात केला. चाची इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून दाराच्या पडद्याआडूनच आवाज आला.

"नही बाई, पहिले तुमनं. त्यासनी तसंच म्हनेल शे."

मी पुष्कळ समजावलं. चाची तेच धरून बसल्या. मग फिटर माझ्या घरात शिरला. फरशी फोडून, जुनी नळी काढून, नवी टाकून त्याने वर सिमेंट ओढलं, आणि तो चाचांच्या घराकडे गेला. मी घड्याळ पाहिलं. दीड तास लागला होता. एवढंच काम होतं.