अकरा पोरींचा मुराळी

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली की नाना घरात सापडायचे नाहीत. इस्त्रीची पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत जिला जे आवडतं ते. कुणाला ज्वारीचे बिबडे, कुणाला कळण्याचं पीठ, कुणाला नुसत्या कैऱ्या.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचं गाव धुळ्याजवळ. सासरच्या लेकीला अखाजीसाठी माहेरी आणायला जातो, तो मुराळी. हे काम खरं तर भावाचं. पण कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाला भाऊच नाही, म्हणून भावकीतल्या अकराही पोरींना आणायला नानाच जायचे. नानी कुरकुरायची, "घरनं काम सोडीसन हिंडस." नाना चपला शोधत असायचे.

ते घरोघरचे निरोपही आणायचे, पण गाळून. एकदा जामनेरच्या आत्याने माझ्या आईने दिलेल्या साडीला जोरदार नावं ठेवली. नानांनी घरी येऊन सांगितलं, "तुनी लई याद करे ती." आईने लगेच आत्याला लोणच्याची बरणी पाठवली.

मी माझ्या मनाने लग्न केलं आणि दीपनगरला, नवऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायला गेले. आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझं नाव टाकलं. पहिल्याच अखाजीला दारात नाना उभे. धुळे, जळगाव, भुसावळ असं उन्हातून आलेले.

"तुले लेवाले उनू," ते म्हणाले. मी पिशवी भरायला धावणार, तेवढ्यात म्हणाले, "पन तुना बाप अजून हा म्हनत नही."

मला रडू फुटलं. "मग आलात कशाला?"

"मुराळी उना नही, अशी एक बी पोर आपला घरनी नको," नाना म्हणाले आणि पाणी मागितलं.

तासभर बसले, जेवले, निघाले. "पुढला साले येसू." आणि खरोखर आले. आठ वर्षं. दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी ते खरं काय ते सांगायचे. आबांनी पाठवलंय असं खोटं कधी बोलले नाहीत. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून कैरी खायला शिकली.

गावी परतल्यावर ते आबांजवळ जाऊन बसायचे. कुणी विचारलेलं नसायचं. "पोरगी बरी शे. दारम्हां तुळस लायेल शे. नात तुनासारखी हट्टी शे." आबा पेपरमधून डोकं वर काढायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत. हे आईने मला फार नंतर सांगितलं.

नवव्या वर्षी नाना पायरीवरून पडले, गुडघ्याला प्लास्टर. बाकीच्या दहाजणींना ज्यांच्या त्यांच्या घरून कुणी ना कुणी जाऊन आणलं. अखाजीच्या आदल्या संध्याकाळी आबांनी जेवता जेवता विचारलं, "दीपनगरले कोन गया?"

"कोन्हीच नही," आई म्हणाली.

आबांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. सकाळी पहिल्या गाडीने निघाले. दुपारी माझ्या दारात घामाघूम होऊन उभे. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहत होते मी त्यांना. केस पार पांढरे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नानाना गुडघा दुखी ऱ्हायना. म्हनीसन मी उनू."

आम्ही गावी पोचलो तेव्हा नाना ओट्यावर खाटेवर होते. मला आणि नातीला जवळ बसवलं, "बठ्ठ्या अकरा बी उन्यात आते," म्हणाले आणि टोपीने डोळे पुसले.

नाना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे आभार मानायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ते येणारच, असं धरून चालले होते मी. आता अखाजीच्या आधी आबा सकाळीच मोबाईल घेऊन बसतात आणि अकराहीजणींना एकेक फोन लावतात. बोलायचं काय, ते त्यांना सुचत नाही. "जेवनी का?" विचारतात, सकाळचे आठ वाजलेले असले तरी. मग नुसता फोन कानाला लावून बसतात. पलीकडून कुणीही तो आधी ठेवत नाही.