अगरबत्तीच्या राखेचा हिरवा

अगरबत्ती जळून गेल्यावर खाली जी राख उरते, ती नेमकी कशाची असते, हे तुम्ही कधी विचारलंय? मीही नव्हतं विचारलं. बाबांची अंधश्रद्धाविरोधी पत्रकं वाटत मी वाढले. राख म्हणजे भोंदूबाबांचा माल, विषय संपला.

पुढे परदेशात, तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि शनिवारी पाया लेबारच्या एका गाळ्यात मातीकाम शिकू लागले. शिकवणाऱ्या बाई जपानी. त्या राखेपासून भांड्यांची झिलई बनवत. राख पाण्यात कालवून गाळायची, दगडाच्या भुकटीत मिसळून भांड्याला लावायची; भट्टीत ती वितळते आणि काच होऊन बसते. लहानपणी आजोळी त्या ज्या वाडग्यात जेवत, त्याचा हिरवा त्यांना हवा होता. कितीतरी झाडांची लाकडं जाळून त्यांची राख त्यांनी लावून पाहिली होती. एकदा मला म्हणाल्या, “तुमच्या घरी काय जळतं?”

आमची रविवारची बुद्धवंदना तोआ पायोहच्या एका फ्लॅटमध्ये होई. मी सगळ्यांना घरच्या अगरबत्तीची राख आणायला सांगितली.

“काय गं, अंगारा वाटणार का आता?” एक काकू म्हणाल्या. “बाप पत्रकं वाटतो, पोरगी राख भरते!” सगळे हसले. मग त्यांनीच विचारलं, “कुणाची पुडी कुठली, लिहून ठेवायचं का?”

“राखेला कसली आलीय जात, काकू?” असं ठणकावून मी सगळ्या पुड्या एका डब्यात ओतल्या.

भट्टी उघडली तेव्हा बाकीचे नमुने पिवळट, तपकिरी. आमच्या राखेचा मात्र हिरवा, कोवळ्या कैरीच्या गरासारखा फिका. बाई तो नमुना खिडकीशी धरून उभ्या राहिल्या.

“हाच,” त्या म्हणाल्या. “काय होतं यात?”

“अगरबत्ती.”

“कुठली? चंदनाची, कोळशाची? कोणती किती?”

सगळ्या पुड्या मीच एकत्र ओतल्या होत्या, आणि डबाही संपला होता.

तेव्हापासून आम्ही दुकानात मिळेल ती अगरबत्ती वेगवेगळी जाळून पाहतोय. तो रंग परत आलेला नाही. बाईंचा इथे राहण्याचा पास संपत आलाय, त्या आता जपानला परततील. म्हणून त्या रविवारी पुडी आणलेल्या सगळ्यांना विनंती: तुमच्या घरी तेव्हा कोणती अगरबत्ती लागत होती, ते आठवा. रिकामं पाकीट सापडलं तर वंदनेला येताना घेऊन या. गावाहून आणलेली असेल, तर गावी फोन करून विचारा.