हवा मागितली तेव्हा

बोटीत आठ पर्यटक होते. त्यांच्यासमोर बाबलने माउथपीस धुतला. एकदा नाही, तीनदा. बाटलीतल्या पाण्याने, मग औषधाच्या पाण्याने, मग परत बाटलीतल्या. मी नुकताच तोंडातून काढून त्याच्या हातात दिलेला माउथपीस.

माउथपीस म्हणजे पाण्याखाली दातांत धरायचा रबरी तुकडा. टाकीतली हवा त्यातून येते. प्रत्येक टाकीला दोन असतात, एक आपला, एक सोबत्यासाठी. सोबत्याची हवा संपली तर आपला जादा माउथपीस त्याला कसा द्यायचा, हे पर्यटकांना खाली नेण्याआधी आम्ही दोघे करून दाखवायचो. बाबल द्यायचा. मी घ्यायचो. मग तो धुवायचा.

एका बाईंनी विचारलं, "आमचेही असेच धुता का?"

"नाही हो मॅडम," बाबल म्हणाला. "तुमचं काही नाही. ह्याचं वेगळं आहे. आमच्या घरी देवाचं असतं."

बाईंना कळलं नाही. मला कळलं. आणि मी हसलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दोन वर्षं मी असाच हसत होतो.

हाच बाबल पर्यटकांचे माउथपीस तपासायला सरळ स्वतःच्या तोंडात घालायचा. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांच्या तोंडातले. पुसायचासुद्धा नाही. त्यांची जात त्याने कधी विचारली नाही. माझी विचारायची गरजच नव्हती. धामापूरच्या बाजूचं गाव, बौद्धवाडी, आडनाव. तेवढं पुरलं.

मी किनाऱ्यावरचा नाही. माझे वडील चिऱ्याच्या खाणीत दगड काढायचे. पावसाळ्यात खाण भरली की मी तिथे पोहायचो, बुडी मारून तळ गाठायचो. पुढे डायव्हिंगचं प्रशिक्षण घेतलं आणि मालवणात कामाला लागलो. बाबलचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरचं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "खाणीतलो बेडूक दर्यात इलो."

बोटीवर आम्ही चौघे. मालक तात्या, बोट चालवणारा पेद्रू, बाबल आणि मी. तात्या म्हणायचे, "बाबल तसोच आसा. मनाक लावन घेव नको." मी नाही लावून घेतलं. म्हणजे तसं दाखवलं.

यंदा थंडीत एका सकाळी नांगर खडकात अडकला. पर्यटक यायचे होते. बाबल आणि मी सोडवायला उतरलो. सात मीटर. पाणी नितळ. मी दोर ओढत होतो, तोच माझ्या टाकीच्या तोंडाशी असलेली रिंग फुटली. कानाशी कुकरची शिटी सुटावी तसा आवाज. सगळीकडे बुडबुडे. वर निघालो तर पायाला दोराचा फेर बसलेला. तो सोडवता सोडवता टाकी रिकामी झाली. श्वास ओढला, काही आलं नाही.

बाबल दोन हातांवर होता. मी खूण केली. गळ्यावरून हात आडवा, मग तोंडाकडे बोट. हवा संपली, दे. त्याच्या छातीवर जादा माउथपीस लटकत होता. मी हात पुढे केला.

त्याने त्यावर पंजा ठेवला. दाबून धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला. वर जा.

काचेतून त्याचे डोळे दिसले. घाबरलेले नव्हते. वैतागलेले होते.

झटापट करायला वेळ नव्हता. कमरेची सुरी काढली, दोर कापला, छातीतली उरलीसुरली हवा सोडत वर आलो. पेद्रूने काखेत हात घालून मला बोटीत ओढलं. नाकातून रक्त येत होतं. मी ओकलो.

बाबल सावकाश वर आला. मास्क काढला. "सात मीटरात कोण मरता? दोर कित्याक कापलंस? नवो होतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. आजवर मला वाटायचं, हा माझा अपमान करतो. अपमान गिळता येतो, मी गिळलाही. त्या सकाळी कळलं, हा माणूस मला मरू देईल आणि दुपारी जेवेलही. आणि ह्याची तालीम तो रोज माझ्यासमोर करत होता. मी हसून होकार देत होतो.

त्याच दुपारी बाबल आणि पेद्रूला समोर ठेवून तात्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"जीव वाचलो मा? मगे झाला. तुझ्यासाठी नवीन सेट घेतंय. लाल पट्टी मारून ठेवया. तो फक्त तुझो."

"पाण्यातसुद्धा वेगळी पंगत, तात्यांनू?"

मी म्हटलं, उद्यापासून रोज बोट सुटायच्या आधी बाबलने सगळ्यांसमोर मला माउथपीस द्यायचा. मी परत दिला की न धुता स्वतःच्या तोंडात धरायचा. नाहीतर मी त्याच्यासोबत उतरणार नाही.

"ता जमाचा नाय," बाबल म्हणाला. "आमच्या देवाक चलाचा नाय."

दुसऱ्या दिवशी बोट सुटली नाही. तिसऱ्या दिवशी बाबलच्या भावाला घेऊन सुटली. तात्यांनी फोन करून मला सांगितलं, येऊ नको.

मी पोलिसांत तक्रार दिली. हवालदाराने विचारलं, "पाण्याखाली साक्षीदार कोण?" पेद्रूने वरून सगळं पाहिलं होतं. त्याच्या घरी गेलो.

"मी बघलंय रे," तो म्हणाला. "पण माका मधी घालू नको. माका ह्याच किनाऱ्यार बोट चलवूची आसा."

राग आला नाही. एकटं वाटलं.

परवा तात्या आमच्या वाडीत आले. आईने पाणी आणलं. "आताच पिवन इलंय," म्हणाले. तांब्याला हात लावला नाही. मग मुद्द्यावर आले. "तक्रार मागे घे. तुका दुसऱ्या बोटीर घेतंय. बाबलचा तोंड बघूक नको."

"नाय."

ते गेल्यावर आई ओट्यावर बसून राहिली. ती घाबरली आहे. मीही घाबरलोय. चार ठिकाणी काम विचारलं, चारही ठिकाणी माझं नाव आधी पोचलं होतं.

तक्रार मागे घेणार नाही. पेद्रू आला नाही तरी मी एकटा उभा राहीन, आणि सात मीटरवर बाबलचा पंजा कुठे होता ते सांगेन. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा सांगेन. दर्याही सोडणार नाही. माझ्यासोबत जो उतरेल त्याला काठावरच विचारेन, माझी हवा संपली तर तुझी देशील? नुसत्या 'हो'वर भागणार नाही. करून दाखवावं लागेल.