कॉम्प्युटरात भरलेली हाक

कुत्र्याने मुलीची पोटरी तोंडात धरली होती आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून माझा नवरा ओरडत होता, "हुर्र्या हो! घे, घे, घे!"

नवरा घरात नव्हता. तो भरून ठेवलेला आवाज होता. मुलगी स्टुलावरून पाठीवर आपटली. कुत्र्याने पोटरी सोडून दंड धरला आणि वानराला झटकतात तसं तिला झटकलं. हाड दिसलं मला. कॉम्प्युटरच्या पेटीतून पुन्हा आवाज आला, "घे!" कुत्रा आणखी चेकाळला.

त्या वर्षांत लोडशेडिंग होतं, रोज ठरल्या वेळी लाइट जायची. मुलगी पडवीत बसून लोकांचे अर्ज, पत्रिका टाइप करून द्यायची. लाइट एकदम गेली की काम उडायचं, एकदा तर यंत्रच बिघडलं. म्हणून तिने त्यात काहीतरी लिहून बसवलं. स्क्रिप्ट म्हणायची ती त्याला. लाइट जायच्या थोडं आधी कॉम्प्युटर आवाज करायचा आणि आपोआप बंद व्हायचा. आवाज ऐकून ती धावत यायची, काम जपून ठेवायची. आधी टुणटुण वाजायचं, ते विहिरीवर ऐकू यायचं नाही. मग त्या वर्षी आंब्याचा हंगाम लागल्यावर तिने बापाची हाक भरली. आंब्याच्या बागेत वानरं आली की तो जी हाक घालायचा, तीच. वाडीभर ऐकू जायची.

नवरा खूश झाला होता. म्हणाला, आता मी मेलो तरी वानरांची सुटका नाही.

कुत्रा त्याच हाकेवर वाढलेला. हाक आली आणि उंचावर काही हललं की ते वानर, एवढंच त्याला कळे. आंब्याच्या दिवसांत तो नवऱ्याबरोबर कातळाच्या सड्यापलीकडच्या बागेत राखणीच्या खोपीतच राहायचा, म्हणून घरातली हाक त्याने कधी ऐकलीच नव्हती. त्या दिवशी आंबा उतरून संपला, खोपी मोडली. नवरा कुत्र्याला घरी सोडून रिकामी खोकी पोचवायला गेला. मुलगी स्टुलावर चढून फळीवरचे कागद काढत होती. तेवढ्यात लाइट जायची वेळ झाली आणि हाक वाजली.

मी आधी वायर उपटली. आवाज थांबला, कुत्रा थांबला नाही. "सोड" म्हणून ओरडले. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मुलगी ओरडत होती, "आये, मान... मान धरतोय." तिने हनुवटी छातीशी दाबून धरली होती आणि त्याचे दात तिच्या कानाखाली लागले होते.

दारामागे नारळ सोलायची कोयती होती. पहिला घाव पाठीत बसला. तो केकाटला, पण जबडा उघडला नाही. दुसरा मानेत घातला, तिसराही. रक्त माझ्या तोंडात गेलं. मेल्यावरही दात रुतलेलेच होते, ते कोयतीच्या मुठीने उचकटावे लागले. जखमेवर लुगडं बांधून मी तिला रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात टाके घातले, सुया टोचल्या. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली धरलं असतं तर इथवर आणावी लागली नसती.

नवरा संध्याकाळी आला. दवाखान्यात यायच्या आधी त्याने कुत्रा पुरला, हे मला त्याच्या हातांवरच्या मातीवरून कळलं. मुलीच्या खाटेशी तो उभा राहिला. मग म्हणाला, "सोड म्हटलं असतंस तर सोडलं असतं त्याने."

"म्हटलं," मी म्हणाले. "तुमच्याच आवाजाला सोडतो तो. पेटीत तुमचं 'घे' होतं, 'सोड' नव्हतं."

तो बाकावर बसला. मुलगी जागी होती, तिने सगळं ऐकलं. बापाला म्हणाली, पाणी द्या. त्याने दिलं.

तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती जगली.