टाकीच्या झाकणावरील लाख

एकोणीसशे बासष्टच्या आषाढात सरकारी मोटारबोटीच्या पेट्रोलच्या टाकीला सील लावण्याचा हुकूम निघाला आणि श्रावणात आम्ही बुडता बुडता वाचलो. जबाबदार दोघे, हुकूम काढणारे साहेब आणि झाकणभर लाख ओतणारा त्यांचा कारकून. आजही टपालकचेरीत वितळत्या लाखेचा वास आला की तापीचा तो गढूळ पूर मला आठवतो. दिवस भरलेल्या पत्नीला घेऊन मी कोरीट गावच्या काठावरून त्या सरकारी बोटीने पलीकडच्या दवाखान्यात निघालो होतो. मध्यधारेत नावाड्याने जोर देताच मोटार घुसमटली आणि बोट खडकांकडे वाहू लागली. त्याने प्लग बदलला, गाळणी पुसली. "मोटार हळू चालस, जोर दिधा का मरस," तो म्हणाला. मग त्याची नजर झाकणावर गेली. पेट्रोलची चोरी रोखण्यासाठी ओतलेल्या लाखेने हवेचे भोकच बुजवले होते; आत हवा जात नसल्याने पेट्रोल पुरेसे उतरत नव्हते. "सील सरकारनं शे, भाऊसाहेब. मी हात लावसू ते मन्ही नोकरी जाई." मीही हात मागे घेतला, कारण सील फोडणे हा गुन्हा होता. "तुमना कायदा काठवर ठेवा," पत्नी कण्हत ओरडली, "पहिले ते फोडा!" मी खिशातल्या अडकित्त्याने लाख फोडली. टाकीने फुस्सकन हवा ओढली, मोटार गरजली आणि खडक हातभर अंतरावरून मागे गेला. मुलगी पलीकडे सुखरूप जन्मली. आठवड्याने सील फोडल्याबद्दल मला नोटीस आली. आज मी म्हातारा झालो, राग म्हातारा झालेला नाही. ते साहेब हयात असतील तर त्यांनी जाहीर उत्तर द्यावे: सील शाबूत ठेवून आम्ही बुडालो असतो, तर नोटीस कोणावर बजावली असती?