झालं का म्हणणारी बाई

थोरलीला नाताळचा राग होता असं म्हणणं चुकीचं ठरेल. तिला राग होता तो डिसेंबरचा, आणि डिसेंबरात मागच्या दाराने तिच्या दुकानात शिरणाऱ्या धाकट्या भावाचा. नाताळ बिचारा उगाचच मधल्या मध्ये भरडला जायचा.

तिचं दुकान कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचं. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली. त्या खोलीत एका कोपऱ्यात बॉयलर, मधोमध वाफेची मोठी प्रेस, आणि वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी दांड्या. थंडी पडली की लोकांना एकदम आपापले कोट आठवतात. वर्षभर कपाटात कोंबलेले, कुबट वासाचे, खिशात जुनी तिकिटं असलेले कोट घेऊन सगळे एकाच आठवड्यात येतात आणि सगळ्यांना ते उद्याच हवे असतात. त्यामुळे डिसेंबरात दांड्यांवर बोट शिरायला जागा नसायची आणि थोरलीच्या नाकी नऊ यायचे.

आणि नेमकी तीच वेळ धाकट्याला हवी असायची. का, तर कोट आवाज पितात. हे त्याचं म्हणणं. इतक्या लोकरीत उभं राहून गायलं की आवाज घुमत नाही, जवळून कानात सांगितल्यासारखा येतो म्हणे. पैसेवाल्या स्टुडिओतसुद्धा असा आवाज मिळत नाही, असं तो जिकडेतिकडे सांगत फिरायचा.

धाकटा गिटार घेऊन स्वतःची गाणी गायचा. लोकगीतांच्या वळणाची, साधीसुधी. गाणी लिहिणार हा, चाल लावणार हा, ध्वनिमुद्रण करणार हा आणि कार्यक्रमानंतर दाराशी टेबल मांडून विकणारही हाच. "मी कुठल्या कंपनीला बांधलेला नाही, स्वतंत्र आहे," तो छाती काढून म्हणायचा.

"स्वतंत्र म्हणजे जेवायला माझ्याकडे," थोरली म्हणायची.

त्याच्या बाकीच्या गाण्यांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. पण दर नाताळला तो दोन-तीन नवी गाणी करायचा आणि ओळखीच्यांना फुकट वाटायचा. ती मात्र लोकांनी उचलून धरली. देवदूतांची वगैरे नसायचीच ती. एक होतं गोठ्यातल्या गाढवाचं. त्याची हक्काची जागा पाहुण्यांना दिली आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, अशी त्याची तक्रार. एक होतं रोषणाईच्या माळा उतरवणाऱ्या वायरमनचं. हळूहळू लोक त्याला नाताळबुवाच म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं नाही असं तो म्हणायचा आणि पोस्टरवर स्वतःच छापायचा.

आता ध्वनिमुद्रण म्हणजे काय, तर एक माइक कोटांच्या मधे उभा करायचा आणि गायचं. एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रेसची वाफ सुटते तेव्हा इंजिनासारखा फुस्कारा येतो, बॉयलर तर सतत धडधडतोच. म्हणजे हे महाराज गाणार तेवढा वेळ दोन्ही बंद. बॉयलर एकदा बंद केला की परत वाफ धरायला चांगला अर्धा तास घेतो. ऐन हंगामात, दुपारी, काउंटरवर लोक उभे असताना थोरली प्रेस बंद करायची, बॉयलर बंद करायची, पुढचं दार लोटायची आणि स्टुलावर हातावर हात ठेवून बसायची. गाणं संपलं, गिटारची शेवटची तार अजून थरथरतेय, की तिचा आवाज यायचा.

"झालं का?"

पहिल्या वर्षी ते चुकून गाण्यात राहिलं. ऐकणारे हसले. दुसऱ्या वर्षी धाकट्याने ते मुद्दाम ठेवलं. मग दर वर्षी, दर गाण्याच्या शेवटी, त्या हळव्या सुरांवर तिचं ते करवादलेलं 'झालं का?' ठरूनच गेलं. कार्यक्रमांतही गाणं संपायची खोटी, अख्खा हॉल एका सुरात ओरडायचा. लहान पोरं तर गाण्याकडे लक्षच द्यायची नाहीत, कधी एकदा ओरडायला मिळतंय याचीच वाट बघायची.

हे सगळं थोरलीला ठाऊकच नव्हतं. तिला वेळ कुठे होता गाणी ऐकायला? एकदा समोरच कानावर पडलं होतं ते पुरेसं होतं. या वर्षी डिसेंबर सुरू झाला आणि हिरवा कोट न्यायला आलेली एक बाई काउंटरवर रेलून लाडात म्हणाली, "म्हणा ना एकदा!"

"काय म्हणू?"

"ते हो, झालं का! आमच्या घरी सगळे तुमची नक्कल करतात. माझा नवरा तर मी फोनवर जरा जास्त बोलले की तुमच्याच आवाजात ओरडतो." आणि तिने ती नक्कल करून दाखवली. नाकातून, मान वेळावत, अगदी कजाग. मागे उभे असलेले दोघेजण खो खो हसले.

थोरलीने कोट तिच्या हातात दिला. मागच्या खोलीत गेली आणि प्रेसच्या पट्टीवर पाय इतक्या जोरात मारला की नवऱ्याने गाडीत सामान भरता भरता आत डोकं घातलं. तिचा नवरा घरपोच कपडे पोचवायचा, भांडणापासून चार हात लांब राहायचा.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"अगं, गंमत करतात लोक," तो म्हणाला. "मनावर नको घेऊस."

म्हणजे माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं. इतकी वर्षं ती लोकांचे डाग काढत बसली आणि लोक घरी जाऊन तिची नक्कल करत राहिले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी दुकान बंद असताना धाकटा आला, तो एकदम खुशीत. गिटार, माइक आणि हातात एक छापील पुठ्ठा. आजवरची सगळी नाताळची गाणी एकत्र करून तो त्यांचा संग्रह काढणार होता. एकच नवं गाणं बाकी होतं, ते आज करायचं, उद्या सगळं सीडी काढायला द्यायचं. त्याने पुठ्ठा प्रेसवर ठेवला. मुखपृष्ठावर कोट टांगलेले, आणि वर मोठ्या अक्षरांत संग्रहाचं नाव: झालं का?

"कसंय?" त्याने विचारलं.

"काढ," थोरली म्हणाली.

"काय?"

"माझा आवाज. सगळ्या गाण्यांतून. आणि हे नाव पण. मला विचारलं होतंस? कधी तरी, एका शब्दाने?"

"ताई, अगं लोकांना तेच तर आवडतं! ते काढलं तर उरलं काय?"

"तुझी गाणी उरली. ती नाही का आवडत कुणाला?"

हे त्याला झोंबलं. तो पुठ्ठा उचलून उभा राहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "सांगू का ठेवलं ते?" तो म्हणाला. "मी घसा फाडून गायचो आणि तार थांबायच्या आत तू म्हणायचीस, झालं का. दर वेळी. एकदा तरी 'छान' म्हणालीस? एकदा? मी म्हटलं, ऐकू दे लोकांना. कसल्या माणसांत बसून मी गातो ते कळू दे."

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे गंमतसुद्धा नव्हती ती. सूड होता. आणि तो दर वर्षी तिच्याच घरी जेवून, तिच्याच खोलीत बसून तो उगवत होता.

"मेल्या," ती म्हणाली, "मी प्रेस चालू करू का म्हणून विचारायचे ते! तू तार सोडलीस की नाही मला काय कळणार? बॉयलर थंड पडलेला, बाहेर लोक दार वाजवतायत. झालं का म्हणजे झालं का! दुसरं काय विचारतात?"

"काय विचारतेस ते तुझ्या सुरावरून कळत होतं मला."

"सूर! आणि सुरुवातीचं? ते कुठाय?"

"सुरुवातीचं काय?"

"मी सगळं बंद करायचे, बसायचे, आणि मग तुला सांगायचे ना, 'गा' म्हणून. ते का नाही कुठे ऐकू येत?"

ते खरं होतं. प्रेसचा शेवटचा सुस्कारा विरायचा, स्टूल सरकायचं, आणि ती म्हणायची, "हं, गा." तिच्या बोलण्यात एरवी कधी न येणारा सूर असायचा त्यात. तापाने फणफणलेल्या मुलाला 'झोप आता' म्हणावं तसा.

"ते... सुरुवातीचं कापावंच लागतं ताई. सगळेच कापतात."

"आणि शेवटचं नाही कापावं लागत?"

तो इकडेतिकडे बघायला लागला.

"मग लाव ते परत," थोरली म्हणाली. "माझं हसं करायचंय ना, कर. पण दोन्ही ठेव. आधी 'गा' आणि मग 'झालं का'. जसं होतं तसं. मग ठेव काय नाव ठेवायचं ते, मी अक्षर बोलणार नाही."

खरं सांगायचं तर एवढंच तिला हवं होतं. लोकांनी हसू नये असंही नाही. फक्त त्या गाण्यांत ती होती तर पुरी असावी, नुसती कटकट करणारी नसावी.

धाकट्याने मान खाली घातली. "नाहीये," तो पुटपुटला. "मूळ मुद्रण मी ठेवत नाही. कापून झालं की जागा होण्यासाठी पुसून टाकतो. दर वर्षी."

"सगळं?"

"सगळं."

थोरली स्टुलावर बसली. दर गाण्याच्या आधी ती 'गा' म्हणाली होती, आणि त्यातलं एकही शिल्लक नव्हतं. आरडाओरडा तेवढा त्याने जपून ठेवला होता. तिला रडू येतंय असं वाटलं, पण आला तो राग, आणि तोही थकलेला.

धाकट्याला मात्र तेवढ्यात युक्ती सुचली. त्याच्या तोंडावर पुन्हा तरतरी आली. त्याने माइक तिच्यापुढे सरकवला. "ताई, सोप्पं आहे! तू आत्ता म्हण ना. चार-पाचदा वेगवेगळं म्हण, मी सगळ्या गाण्यांच्या आधी जोडून टाकतो. संध्याकाळपर्यंत होईल."

थोरलीने माइककडे पाहिलं. तिने खरंच प्रयत्न केला. "गा," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला 'पावती दाखवा' म्हणावं तसं वाटलं. पुन्हा म्हणाली. या खेपेला तर भांडण उकरून काढल्यासारखं आलं. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"येत नाही," ती म्हणाली.

"असं कसं येत नाही? एक अक्षर तर आहे!"

"मनात नाही ना आत्ता, कसं येईल? खोटं वाटेल."

"मग खोटं म्हण," धाकटा वैतागून म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

खोलीत सगळे कोट स्तब्ध लोंबत होते. थोरली त्याच्याकडे पाहत राहिली. हे पोर रांगत असल्यापासून तिने त्याला पाहिलेलं होतं, त्याचे सगळे हट्ट पुरवलेले होते, आणि आत्ता तिला अगदी स्वच्छ दिसलं की त्याने तिचं ते 'गा' कधी ऐकलंच नव्हतं. पुसलं नंतर. ऐकलं मुळातच नाही.

"शेवटचं पण कापून टाक," ती शांतपणे म्हणाली. "सगळीकडनं. मी इथे नव्हतेच असं कर. नाहीतर दुकानाची किल्ली इथे ठेव आणि परत मागच्या दाराने येऊ नकोस."

"लोक विचारतील."

"सांग काय सांगायचं ते. तुला सुचतं चांगलं."

त्याला तिच्या आवाजावरून कळलं की आता घासाघीस चालायची नाही. तो तिथेच बसला आणि एकेक गाणं उघडून शेवट कापत गेला. तिने समोर बसून कापून घेतले. गाढवाचं गाणं तार थरथरत असतानाच तुटलं. वायरमनचंही तसंच. प्रत्येक गाणं मधेच कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं संपायला लागलं. त्याला ते ऐकवत नव्हतं. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं, ते काही वाटलं नाही, पण ती उठली नाही.

"एक गाणं राहिलंय," शेवटी तो म्हणाला. "तेवढं करू दे. मग जातो."

"कर की."

रविवार असल्याने बॉयलर थंडच होता. काही बंद करायचं नव्हतं. धाकट्याने माइक सरळ केला, मुद्रण चालू केलं, गिटार मांडीवर घेतली आणि बोटं तारांवर ठेवली.

आणि थांबला.

थोरलीला वाटलं, चाल आठवत असेल. तो तसाच बसून राहिला. खांदे किंचित उचललेले, श्वास भरून घेतलेला, मान जराशी तिच्या बाजूला वळलेली. बोटं हलेनात. त्याचं त्यालाच कळेना की आपण कशासाठी थांबलोय. त्याने बोटं काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा श्वास घेतला. परत तेच. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"ताई," तो म्हणाला.

थोरली हातावर हात ठेवून स्टुलावर बसली होती. तिच्या ओठांवर शब्द आला होता, खरा, जसा यायला हवा तसा. तिने तो गिळला.